ताईच्या गुडघ्यासाठी राहून गेलेली प्रार्थना

साताऱ्यात आमच्या चर्चमध्ये शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, घेणारी ताई जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. रविवारी सकाळी ती आम्हाला बायबलमधल्या, राक्षसाशी लढणाऱ्या दाविदाची गोष्ट सांगायची, तेव्हा तिच्या कोपरांवर खरचटल्याच्या ताज्या खुणा असायच्या. मला दाविदापेक्षा तीच शूर वाटायची. मी दहा वर्षांची होते. तिच्यासारखी वेणी घट्ट दुमडून बांधायचे आणि जेवणाआधी तिच्यासारखेच नुसते ओठ हलवायचे.

सामन्याला निघताना ती म्हणायची, "माझ्यासाठी प्रार्थना कर बरं का. इसरू नगं." सगळ्याच मुलांना ती असं सांगत असणार. पण मी ते काम माझ्या एकटीचं समजले होते. सामन्याच्या वेळेला मी घरी कॉटपाशी गुडघे टेकायचे, आणि ताई जिंकून यायची.

एका शनिवारी सांगलीला मोठी स्पर्धा होती. सामना चारला. मी प्रार्थनेला बसणारच होते, पण शेजारच्या मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झाली होती. ती बघून घरी आले, तर बाबा नुकताच फोन ठेवून आईला सांगत होते, "चढाईत पोरीचा गुडघा गेला. मिरजेला दवाखान्यात नेलंय."

साडेपाच वाजले होते. चारची प्रार्थना राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकांनी ताईचं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळे "आमेन" म्हणाले. मी नुसते ओठ हलवले. पुढचे कितीतरी दिवस मला घास जाईना. आईला वाटलं जंत झालेत. तिनं गोळी दिली. पाळक दारात आले की मी मागच्या खोलीत पळायचे. त्यांना कळलंय, असंच वाटायचं.

ऑपरेशन होऊन ताई घरी आली, पण चर्चला आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. "देवावर रुसलीय ती," पायऱ्यांवर बायका कुजबुजल्या. म्हणजे आधी गुडघा, आणि आता तिचा विश्वाससुद्धा माझ्यामुळे गेला.

शेवटी एकदा शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई दाराशी शेंगा फोडत होती. "जा आत. कुणाशीच बोलत न्हाई बघ ती," म्हणाली. ताई कॉटवर पाय लांब करून बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चार वाजता मी कुठं होते, काय करत होते, सगळं.

तिनं मला कॉटवर बसवलं. मग म्हणाली, "आगं, गुडघा दोन महिन्यांपासनं दुखत हुता. कबड्डीच्या सरांना सांगितलं असतं तर संघातनं काढलं असतं. म्हणून लपवलं. त्यात तुझी मांजरं कशाला मधी येत्यात?"

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. ताई खोटं वागली होती.

"मग देव तुझ्यावर रागावलाय?"

"ठाऊक न्हाई. तेच इचारायचं भ्या वाटतंय. म्हणून तर येत न्हाई." तिनं पायावरची चादर सारखी केली. "आज तूच कर प्रार्थना. मोठ्यानं. मला आयकू दे."

मला फक्त प्रभूची प्रार्थना पाठ होती. तीही निम्म्यात विसरले. पुढची ओळ ताईनं हळूच सांगितली आणि तिथून आम्ही दोघींनी मिळून पुरी केली.

नाताळला ती कुबड्या घेऊन आली, दाराजवळच्या बाकावर बसली. सरांनाही तिनं खरं काय ते सांगितलं. ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

ती पुन्हा चढाईला गेली नाही. आता इथल्याच एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. परवा मी सामना बघायला गेले, तर लंगडणाऱ्या एका मुलीला तिनं ऐन वेळी बाहेर बसवलं. "काय न्हाई झालं ओ मला!" म्हणत मुलगी हमसून हमसून रडत होती. संघ हरत होता, पालक ओरडत होते. ताई तिच्या शेजारी जमिनीवर बसून, तिचा गुडघा मांडीवर घेऊन बर्फ लावत होती.