उणे ब्याण्णव

मनमाडहून नाशिकला जाण्याला स्थलांतर म्हटलं, तर आखातात गेलेले आमचे गाववाले हसतील. तास-सव्वा तासाचा प्रवास. तरी त्या सोमवारी सकाळी फलाटावर मी खिशातलं तिकीट चारदा चाचपलं, आणि वय होतं सत्तेचाळीस. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोडायला आले होते. त्यांनी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, गाड्यांचे रूळ बदलण्यात आयुष्य काढलं. गाडीला हात हलवून निरोप द्यायचा असतो हे त्यांना मान्य नाही. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे नाही, चाकांकडे बघत होते. त्याआधी एवढंच म्हणाले, "नाय जमलं तर परत ये. पण जमव."

मागे राहिलेल्या मित्रांनो, आणि माझ्यासारखं उशिरा निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय, कारण त्या तीन आठवड्यांत मी किती घाबरलो होतो हे तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

बावीस वर्षं मी टेलिफोनच्या तारा जोडल्या. खड्ड्यात उतरायचं, रंगीत तारांच्या जुडग्यातून नेमकी मेलेली शोधायची आणि जिवंत करायची. मग लँडलाइन ठेवणारं कुणी उरलं नाही. ठेकेदाराने आम्हा आठ जणांना सांगितलं, नाशिकला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. इमारतीतलं वाय-फाय आणि बाहेरचं मोबाइल नेटवर्क एकमेकांना जोडायला शिका. पास होईल त्याला तिथेच नोकरी, बाकीच्यांनी घरी बसावं. घरात अण्णा आणि मी, दोघेच. सत्तेचाळिसाव्या वर्षी ऐंशीच्या बापाने वाढलेल्या ताटावर बसायचं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

वर्ग गंगापूर रोडला, एका फर्निचरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. उद्घाटनाला पाहुणे आले. पंख्याने समई चारदा विझवली. पाचव्यांदा ती पेटली आणि पाहुण्यांनी जाहीर केलं की तारांचं युग संपलं आहे. समोर आम्ही आठ तारवाले. हे वाक्य ज्या माइकवर उच्चारलं गेलं त्याची वायर त्यांच्या पायात येऊ नये म्हणून मी धरून बसलो होतो. टाळ्या मीही वाजवल्या, एका हाताने जमतील तेवढ्या.

शिकवायला मृणाल मॅडम, वय सव्वीस. पहिल्या दिवशी आम्हाला सर म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी काका. मी तसा वाचणारा माणूस आहे, मनमाडच्या वाचनालयाचं अर्धं कपाट माझ्या नजरेखालून गेलंय. पण त्या पुस्तिकेत शब्द नव्हतेच, नुसती आद्याक्षरं. सकाळी उठलो की आधी हातांना घाम यायचा, मग आठवायचं कशाचा.

परीक्षा सोपी दिसत होती. वर्गातल्या वाय-फायवरून कुणालातरी फोन लावायचा, बोलत जिना उतरायचा आणि रस्त्यावर जायचं. वाय-फाय मागे राहील, मोबाइलचा टॉवर कॉल उचलून घेईल. कॉल तुटता कामा नये. फोनने वाय-फाय कधी सोडायचं, तो आकडा मात्र आपण आधी यंत्रात भरायचा. सिग्नल उणे आकड्यांत मोजतात. उणे जितकं मोठं, तितका तो क्षीण.

मी उणे ब्याण्णव भरलं. मुद्दाम, आणि अभिमानाने. आमच्या धंद्यात आवाजाची धुगधुगी आहे तोवर लाइन सोडणं म्हणजे कामचुकारपणा.

अण्णांना फोन लावला. ते सांगत होते, नळाला आज अकराव्या दिवशी पाणी आलं. पहिल्या मजल्यावर त्यांचा आवाज खरखरला, दारापाशी तुटक झाला आणि फुटपाथवर पाय ठेवताच कॉल गेला. मॅडमनी तपासायला फोन माझ्याकडून घेतला. अण्णांचे उलट फोन येत राहिले, सात. परीक्षा चालू असल्याने उचलता येईना. मॅडमनी आकडा पाहिला.

"काका, तुमच्या फोनला सोडवतच नाहीये. पूर्ण मरेपर्यंत धरून बसला, मग पलीकडच्याला हात द्यायला वेळच उरला नाही. ऐकू येत असतानाच निघायचं असतं."

एक संधी उरली होती, दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी अण्णांना फोन केला तेव्हा कळलं, ते शेजाऱ्याला घेऊन स्टेशनपर्यंत गेले होते, नाशिकची गाडी कधी आहे विचारायला. त्यांना वाटलं, बोलता बोलता मला कुणी गाडीने उडवलं.

दुसऱ्या दिवशी मी उणे पंचाहत्तर भरलं. एकदा खोडून पुन्हा भरलं. चांगली बोलती लाइन सोडायची, हे पापच वाटत होतं. अण्णांनी फोन उचलला तोच तक्रारीने. "काल तोडलास तसा आज तोडणार असशील तर आधी सांग. मी बसून घेतो."

मी जिना उतरू लागलो. ते बोलत होते: पिंप भरलं, आणि सवयीने माझ्या आंघोळीची बादलीबी भरून ठेवली. मधल्या वळणावर पडद्यावरची वाय-फायची खूण गेली, टॉवरची आली. अण्णा वाक्याच्या मध्येच होते. वाक्य पुरं झालं तेव्हा मी रस्त्यावर, रिक्षांच्या गोंगाटात उभा होतो.

"कुठं आलास रे? आवाज लय होतोय."

"बाहेर आलो, अण्णा," मी म्हणालो.

आता कामच ते आहे, रोज कुठल्यातरी इमारतीत वरखाली करणं. चाचणीचा नंबर अण्णांचाच. पाच रिंगांपर्यंत मी ठीक असतो. पाचवीनंतर हात कठड्यावर घट्ट बसतो, आणि त्यांना काय काय झालं असू शकतं ते सगळं मनात होऊन जातं. मग ते उचलतात. "संडासात व्हतो. आग लागली का?"

नाशिकला कुणी घर कुठे विचारलं तर मी खोलीचा पत्ता देतो. खरं घर पाचव्या आणि सहाव्या रिंगच्या मध्ये आहे, आणि तिथे मी रोज जाऊन येतो.