मी गाळलेला प्रश्न

माझी एक मैत्रीण पुण्याला वकील आहे. ती उदगीरची, मी पलीकडच्या कर्नाटकातल्या भालकीकडची. उदगीरच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो आणि वादविवादाच्या प्रत्येक स्पर्धेला जोडीनं गेलो. जवळजवळ दर वेळी ती पहिली यायची आणि मी दुसरी. दोघींचं किती पटतं, असं लोक म्हणायचे. पटायचंच. ती माझ्या डब्यातली शेंगाची चटणी संपवायची, मी तिची पुस्तकं वापरायचे. पण बक्षिसाला तिचं नाव आधी पुकारलं की मला ते टोचायचं, आणि कुणाला दिसू नये म्हणून मी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवायचे.

पुढं ती वकिलीला पुण्याला गेली. मी बी.एड. केलं, लग्न होऊन बसवकल्याणला आले आणि इथल्या हायस्कूलात मराठी शिकवायला लागले. गेल्या काही वर्षांत तिची भाषणं मोबाईलवर यायला लागली. आमचे हे सकाळी चहा पिताना ती लावायचे.

"बघ की, काय मुद्द्याचं बोलायलीय तुझी मैत्रीण."

"व्हय," मी म्हणायचे आणि मिक्सर लावायचे.

पाहुणे आले की हे तिची वाक्यं त्यांना ऐकवायचे. मी एके काळी भाषणं करायचे हे त्यांना सांगून माहीत होतं, पण माझं एकही भाषण त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मीही कधी ऐकवलं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून काय भाषण करणार?

अशात बीदरच्या एका संस्थेनं चर्चा ठेवली. वेश्याव्यवसायाला सरकारनं उघड मान्यता द्यावी का, परवाने द्यावेत का, नोंदणी करून बाकीच्या धंद्यांसारखा कर लावावा का, असा विषय होता. मुख्य बोलणारी माझी मैत्रीण. संस्थेच्या बाईंचा मला फोन आला. हा व्यवसाय करणाऱ्या काही बायका ऐकायला येणार होत्या, त्यातल्या बहुतेक कानडी बोलणाऱ्या. मैत्रिणीला कानडी येत नाही. "टीचर, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. तेवढं इकडचं तिकडं सांगायला याल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणाले, कारण मला तिला जवळून बघायचं होतं. कुठं अडते का, कुठं घाबरते का. त्या दिवशी मी ठेवणीतली इरकल नेसले. ती साध्या सुती कुर्त्यात आली, केस वर बांधलेले, आणि माझ्यापेक्षा चांगली दिसत होती. मला बघताच धावत येऊन गळ्यात पडली. "तू हायस म्हणल्यावर मला कशाचीच काळजी न्हाई," म्हणाली. पुण्याला इतकी वर्षं राहूनही माझ्याशी बोलताना ती उदगीरचीच होते. तेही मला बरं वाटलं नाही. एवढ्या मोठ्या बाईनं थोडं तरी बदलायला हवं होतं, म्हणजे नावं ठेवायला जागा मिळाली असती.

सभागृहात पुढं अधिकारी आणि शिक्षक, मध्ये कॉलेजच्या मुली. शेवटच्या रांगेत दाराजवळ त्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. कुणी हुमनाबादच्या, कुणी हायवेकडच्या, काही कलबुर्गीहून आलेल्या.

आधी विरोधी बाजूनं एक निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. "आपल्या भागात गरिबाघरच्या पोरी देवाच्या नावानं सोडल्या जायच्या. ते थांबवायला किती पिढ्या गेल्या. आता त्याच पोरी सरकारच्या नावानं सोडायच्या का? परवाना बाईला मिळेल, राज्य दलालाचं येईल." मला त्यांचं म्हणणं पटलं. मग माझी मैत्रीण उठली आणि मला तिचंही पटायला लागलं. ती म्हणाली, आजच्या कायद्यात हे काम करणं सरळ गुन्हा नाही, पण त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्ह्यात बसवता येतं. म्हणून पोलीस धरतात, घरमालक हाकलतो आणि मारहाण झाली तर तक्रार करायला जागा उरत नाही. "कर घ्या. जी बाई कर भरते ती सरकारला जाब विचारू शकते. परवाना द्या, म्हणजे तिला लपावं लागणार नाही."

एकेक वाक्य झालं की ती थांबायची आणि मी ते कानडीत सांगायचे. टाळ्या दोनदा पडत होत्या. एकदा तिच्या मराठीला, एकदा माझ्या कानडीला. पण माझं कानडी ऐकून टाळ्या वाजवणारेही तिच्याकडंच बघून वाजवत होते. माझ्या तोंडातून निघालेले शब्द, आणि मान तिच्याकडं. हे तासभर चाललं. तासाभरात मी आतून पार करपून गेले.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतली एक बाई उठली. चाळिशीची असेल, पोपटी साडी, हातात माईक घट्ट धरलेला. ती कानडीत बोलली. शब्द न् शब्द मला आठवतो, म्हणून आधी तो जसाच्या तसा मराठीत सांगते. ती म्हणाली, "या अक्का आमच्याबद्दल एवढ्या लांबून येऊन बोलल्या, यांचे उपकार आहेत. पोलिसांनी मारू नये, घरमालकानं काढू नये, हे मला पाहिजे. कर मागितला तर तोही देईन. पण ओळख नको. फोटोचं कार्ड नको, रजिस्टरात नाव नको. माझी मुलगी कलबुर्गीला नर्सिंग शिकते. आई ढाब्यावर स्वयंपाक करते, एवढंच तिला माहीत आहे. उद्या कुठल्यातरी ऑफिसात तिला माझं नाव दिसलं तर? अक्कांना विचारा, नाव न लिहिता आमचं रक्षण करता येईल का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या दिवसात पहिल्यांदाच सगळे माझ्याकडं बघत होते. मैत्रीणही मान पुढं करून वाट बघत होती.

मी मराठीत म्हणाले, "त्या म्हणतात, आम्हाला तुमचा परवाना नको, तुमचं रजिस्टर नको. आमच्या मुलीबाळींच्या आयुष्याचं काय? पुण्यात बसून बोलणं सोपं असतं."

उपकार गाळले, कर गाळला, प्रश्न गाळला. आणि शेवटचं वाक्य माझं होतं.

सभागृहात कुजबुज झाली. मैत्रिणीचा चेहरा उतरला. ती सारवासारव करायला लागली, कायद्याची कलमं सांगायला लागली, दोनदा अडखळली. मी तिला अडखळताना कधीच पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी भाताचं ताट घेऊन खिडकीशी उभी होते. ती पोपटी साडीवाली बाई सरळ माझ्यापाशी आली आणि मराठीत बोलली.

"टीचर, म्या तसं म्हणलं न्हवतं."

माझा हात ताटात तसाच राहिला. "तुम्हाला मराठी येतंय?"

"उमरग्याला लई वर्षं होते म्या. चार लोकांत बोलायला जमत न्हाई, पर कळतंय समदं." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आवाज चढवला नाही. "तुमचं त्या बाईसंगं काय असंल ते असू द्या. माझा प्रश्न कामून खाल्लात? पैल्यांदा माईक हातात आला होता माझ्या."

ऐकू आलं नाही, गडबड झाली, असं काहीही म्हणता आलं असतं. तिनं तेवढाही वेळ दिला नाही. "आता तरी इचारा," म्हणाली आणि आपल्या बायकांत जाऊन बसली.

जेवणानंतर सगळे बसले तेव्हा मी माईक मागून घेतला. म्हणाले, "मघाशी या बाईंचं बोलणं मी अर्धंच सांगितलं. त्यांचा प्रश्न राहून गेला." आणि सगळं सांगितलं. उपकारासकट, करासकट. पण 'राहून गेला' म्हणाले. 'मी गाळला' म्हणायचं धाडस झालं नाही. आणि पुण्याचं वाक्य कुणाचं, ते सांगितलं नाही.

मैत्रिणीनं कागद बाजूला ठेवले. त्या बाईकडं बघून ती बोलली. "गुन्ह्यातून सोडवणं वेगळं आणि परवाना देणं वेगळं. मी सकाळपासून दोन्ही एकच असल्यासारखं बोलत होते. पहिलं तुमचं नाव न लिहिता करता येईल. दुसऱ्याला नाव लागतंच. तुमच्या बोलण्यानंतर मला दुसऱ्याची खात्री वाटत नाही. पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही." मी ते कानडीत सांगितलं, या वेळी एकही शब्द न सांडता. ती बाई मान हलवत ऐकत होती. मुख्याध्यापिका बाईंनीही मान डोलावली. मग टाळ्या पडल्या, सकाळपेक्षा जास्त. चूक कबूल करूनही तीच मोठी झाली. मला तेही टोचलं. त्या क्षणीसुद्धा.

संध्याकाळी मी तिला सोडायला बीदरच्या स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. ती सारखी तेच बोलत होती. "खरंच हाय गं ती म्हणली ते. पुण्यात बसून बोलणं सोपंच असतंय. दिवसभर डोक्यातून जाईना ते."

तेव्हा मला राहवलं नाही. "ते ती म्हणली न्हाई. ते मी म्हणले."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं हातातली बॅग खाली ठेवली.

"मला फोन करून शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "त्या बाईच्या तोंडून कामून?"

"तुझा हेवा वाटायलाय मला. कॉलेजपासून," मी म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तोंडातून निघालं, तेही कंडक्टरच्या आरडाओरड्यात.

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. बॅग उचलली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून हात केला नाही.

त्यानंतर सहा-सात महिने तिचा फोन नाही. दिवाळीला मी शुभेच्छा पाठवल्या, त्यावर दोन जोडलेले हात आले, बस. मग एक दिवस सकाळी यांनी पेपर पुढं केला. तिचा लेख होता. तिनं आपलं जुनं मत बदललं होतं. आधी गुन्ह्याची टांगती तलवार काढा, परवाना आणि कर यांचं त्या बायकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, असं लिहिलं होतं. बीदरला एका बाईनं विचारलेल्या प्रश्नामुळं हे सुचलं, असंही होतं. माझा उल्लेख नव्हता, चांगला नाही आणि वाईटही नाही. एक परिच्छेद मोठ्यानं वाचून हे म्हणाले, "काय लिहिती ही बाई!" मी मिक्सर लावला नाही. पेपर त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. लेख चांगला होता. मला तो लिहिता आला नसता, हे कळलं आणि नेहमीसारखं टोचलं.

शाळा सुटल्यावर मी तिला फोन केला. लेख आवडला म्हणाले. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवणार तेवढ्यात तिनंच विचारलं, "ओळख नको, असं ती म्हणली तेव्हा कानडीत नेमकं काय म्हणली होती?"

"गुरुतु ब्याड."

"परत म्हण की."

मी परत म्हणाले. तिनं दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा जमलं. अशाच विषयाच्या एका सभेसाठी ती पुढच्या महिन्यात कलबुर्गीला येणार आहे. दुभाषी म्हणून तिनं मला बोलावलेलं नाही. ऐकायला ये, असं म्हणाली आहे. मी जायचं ठरवलंय, अजून यांना सांगितलेलं नाही.