दादाचे चिंचोके

दादा गेला त्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला कारण सांगितलं, ते इंग्रजीत. वहिनीनं मान हलवली, पुतण्यानं हलवली, मीही हलवली. बाहेर बाकावर बसल्यावर कळलं, तिघांनाही काही समजलं नव्हतं… आणि न समजता मान हलवणाऱ्यांवर दादा जन्मभर चिडत आला होता.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. अणदूरहून हैदराबादला गेला, वनस्पतिशास्त्र शिकला आणि तिथंच एका कॉलेजात शिकवू लागला. शिकला उर्दूत, शिकवायचाही उर्दूत. मग निजामाचं राज्य गेलं आणि फर्मान आलं, जूनपासून सगळं इंग्रजीत. त्याला इंग्रजी वाचता यायचं, बोलायची सवय नव्हती. नोकरी टिकवायची तर दोन महिन्यांत जीभ वळायला हवी होती.

तो उन्हाळा त्यानं आमच्या ओसरीत काढला. मी बारा वर्षांची, आईबरोबर चिंच फोडत बसलेली. समोर कुणीतरी हवं म्हणून त्यानं मला धरलं. "सुमे, समजलं नाही की तांब्यात एक चिंचोका टाक. बोलू नको, टाक नुसता." तो पाठ केलेलं इंग्रजी व्याख्यान धडाधड म्हणायचा, मी चिंचोके टाकायची. पहिल्याच दिवशी दुपारच्या आत तांब्या भरला. त्यानं पुस्तक मिटलं.

"राजीनामा लिहितो. शेती बघतो."

"तू?" आई म्हणाली. "कुळव कुठला न् पाभर कुठली ते सांग आधी, मग बघ शेती."

मला हसू आवरेना. पण तो खरंच कागद शोधायला लागला, तेव्हा मी घाबरले.

"दादा, सकाळधरनं कशाचं सांगत होतास?"

"मुळांचं."

"मग मूळ दाखव की! नुसतंच काय बोलतोस?"

त्यानं कागद शोधणं सोडलं. मग परसात गेला आणि सांडपाण्यावर वाढलेलं वांग्याचं झाड मातीसकट उपटून घेऊन आला. आई ओरडली, "फळाला आलेलं उपटलंस व्हय रं!" त्याचं लक्षच नव्हतं. मुळांवरून बोट फिरवत तो लहान लहान इंग्रजी वाक्यं बोलू लागला; बोट बघून मलाही अर्थ लागायचा. वाक्यं पाठ केलेली नव्हती, त्याची स्वतःची होती, अडखळती. संध्याकाळपर्यंत तांब्यात नऊच चिंचोके पडले.

राजीनामा राहिला तो राहिलाच. जूनमध्ये जाताना तो पिशवीभर चिंचोके घेऊन गेला. इंग्रजीत शंका विचारायची पोरांना लाज वाटे. म्हणून प्रत्येकाला एकेक देऊन ठेवला. ज्याला समजलं नाही त्यानं जाताना तो दाराजवळच्या डब्यात टाकायचा. डब्यात काही वाजलं, की दुसऱ्या दिवशी तोच पाठ, कमी शब्दांत आणि नवं रोप घेऊन. बरोबरीचे लोक त्याला चिंचोके मास्तर म्हणत. "नाव चांगलंय," तो म्हणायचा, "कुणालाही समजतं."

नोकरी संपल्यावर तो अणदूरलाच येऊन राहिला होता; गेल्या आठवड्यात तिथं त्याचं कपाट आवरलं. डबा सापडला, तळाशी मूठभर चिंचोके. एक उचलला, दुसऱ्या दिवशी सोलापूर गाठलं आणि त्याच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"त्या दिवशी समजलं नव्हतं," म्हटलं. "मराठीत सांगा."

त्यांनी कागद ओढला, हृदयाचं चित्र काढलं आणि सावकाश सांगितलं. समजलं. निघताना मी चिंचोका परत उचलून घेतला.