उलटी बाजू

मिल बंद झाली आणि बाबा घरी बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच. सुदामा नगरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जिकडे बघावं तिकडे बाबा. आई पापड लाटायची, मी कॉलेज सांभाळून शिकवण्या घ्यायचे, आणि या माणसाला दिवसभर काही म्हणता काही काम नव्हतं. त्याचा त्यांना त्रास, आणि त्यांचा आम्हाला. खरं सांगते, तेव्हा मी कायम दमलेली असायचे.

त्या शिकवण्या मला शाळेतल्या शिवणाच्या बाईंनीच मिळवून दिल्या होत्या. त्या आता रिटायर होणार होत्या. क्रॉस स्टिच त्यांनीच शिकवलेलं, म्हणून तेच करून द्यायचं ठरवलं. मॅटीच्या पांढऱ्या कापडावर दोन पोपट आणि भोवती हिरवी वेल. शिकवणी संपली की पेंगत पेंगत फुल्या घालत बसायचे. हौस कसली डोंबलाची, मान मोडून यायची.

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा टाका घातला, कापड खाटेवर पसरलं आणि चहा टाकायला उठले. परत येते तो बाबा त्यावर वाकलेले, हातात मिलमधली तेलकट लाल पेन्सिल. वेलीच्या एका पानाभोवती, कोऱ्या पांढऱ्या कापडावर, ठसठशीत गोल.

बाबा मिलमध्ये कापड तपासायचे. जन्मभर तेच केलं. ताग्यावरून नजर फिरवायची आणि दोष दिसला की लाल गोल. सवयीने हात चालला होता. एका फुलीचा वरचा टाका उलट्या दिशेने गेला होता, बस, इतकंच.

"बाबा, ही काय मिल आहे?" मी ओरडले. "मिल गेली तुमची!"

ते पेन्सिलीकडे बघत राहिले, मग भिंतीकडे तोंड करून पडले. मी साबण लावला, सोडा लावला, डाग ढिम्म हलेना. आई म्हणाली, रडून काय होणार, आता त्यावरच काहीतरी काढ. मग त्या गोलावर लाल फूल भरलं. रागारागाने भरलं, तरी बरं निघालं.

सकाळी कापड गुंडाळत होते तेव्हा बाबांनी हात पुढे केला. माझ्या जिवावर आलं होतं, पण दिलं. त्यांनी आधी ते उलटं केलं. दाराच्या उजेडात धरून मागचे धागे या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिले, मग पुढची बाजू. पेन्सिल खिशातच राहिली.

"पास," ते म्हणाले.

मिलमध्ये त्यांनी हा शब्द म्हटल्याशिवाय तागा बाहेर जात नसे. मिल बंद झाल्यापासून त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

शाळेत ही गर्दी. बाईंनी पोपट पाहिले, फार छान झालंय बेटा म्हणाल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कापड हारांच्या ढिगाशेजारी ठेवून पुढच्या मुलीकडे वळल्या. त्यांचं तरी काय चुकलं, त्या एकट्या काय काय बघणार. अन्नपूर्णेच्या देवळापासून घरापर्यंत मी पाय ओढत चालत आले.

बाबा दारातच उभे होते. दाढी केलेली, अंगात मिलला जायचा शर्ट.

"बाईंनी उलटी बाजू पाहिली का गं?"

"पाहिली ना," मी म्हणाले. "विचारत होत्या, हे तपासलं कोणी?"