तलावाच्या पाळीवरचा दुसरा माणूस

हा लेख द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल गौरवसमितीची आधी माफी मागतो. समितीचा निरोप आला तेव्हा थंडी होती, आता पळस फुलून गळायला लागलाय. मी सातवी शिकलेला माणूस. बिरादार सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात, मोठमोठ्या प्राध्यापकांच्या शेजारी आपण काय लिहिणार, या धास्तीनं कितीदा तरी कागद फाडला. शुद्धलेखन कुणीतरी तपासून घ्यावं. पोस्टात गहाळ होईल अशी भीती वाटते, म्हणून स्वतः आणून देतोय.

सरांची नि माझी ओळख माझ्या गिरणीत झाली. अहमदपुरात माझी पिठाची गिरणी होती आणि सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. एकदा ज्वारीचा डबा ठेवून त्यांनी विचारलं, "गंगाधरराव, पहाटे मोकळे असता का? मला एक माणूस लागतो."

"कशाला, सर?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ते आधीच सांगितलं तर तुमचा उपयोग काय?"

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "ह्या वयात दोघं मिळून कुणाची पोरगी बघायला निघालात? पोहे तरी खाऊन या." दुसऱ्या दिवशी पहाटे सरांची स्कूटर दारात आली आणि आम्ही गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. त्यानंतर कित्येक वर्षं जात राहिलो.

थंडीत उत्तरेकडून आलेले पक्षी ऊन तापायला लागलं की परत निघतात. भोरड्यांचे थवे काटेसावरीवर कालवा करतात, पट्टकादंब हंस पाण्यावर घिरट्या घालून एके दिवशी दिसेनासे होतात. या जाण्याच्या दिवसांत एखादा नवखा पक्षीही वाटेत आमच्या तलावावर टेकतो. त्याच्यासाठी सर वर्षभर थांबायचे.

सरांची रीत अशी होती. ते दुर्बिणीतून बघत, काही न बोलता दुर्बीण माझ्या हाती देत आणि तोंड फिरवून उभे राहत. मग मी सांगायचं. कावळ्याएवढा की कोंबडीएवढा, चोच कशी, पाय कसे, मान कोणत्या रंगाची. माझं सांगणं त्यांच्या बघण्याशी जुळलं तरच तो पक्षी दिसला असं धरायचं. बिलोलीकडे एकदा सरांना एकट्याला असा पक्षी दिसला, की जो या भागात कुणी पाहिलेला नव्हता. नांदेडचे पक्षी बघणारे मित्र म्हणाले, "तुम्ही बघितला म्हणजे झालं की, सर." सर म्हणाले, "मी त्याची जन्मभर वाट बघत होतो. म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकट्या माणसाला जे हवं असतं तेच दिसतं." तो पक्षी त्यांनी हिशेबात धरला नाही तो नाहीच.

पण आम्ही दोघंही एकदा फसलो. तलावाचं पाणी हटलं की उघड्या गाळात लोक काकड्या, टरबूज लावतात. तिथं धुक्यात एक उंच, काळा करकोचा उभा दिसला. मी सांगितलं ते सरांशी जुळलं. सरांनी आनंदानं नांदेडला कळवूनही टाकलं. ऊन वर आल्यावर गाळात पीक घेणारा माधव हसत आला. "सर, सकाळधरनं काय बघून राहिलात? त्याला मीच उभा केलाय. उडणार न्हाई तो." काठीला काळा सदरा आणि वर मडकं! सर पोट धरून हसले. त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना फोन करून "आम्ही बुजगावणं बघितलं" असं सांगितलं. वर्गातही मुलांना सांगितलं. चूक लपवावी असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

माझी बायको नांदेडच्या दवाखान्यात वारली तेव्हा सर बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून होते. तेराव्यानंतर मी गिरणी उघडली नाही, दारही उघडत नव्हतो. एका पहाटे स्कूटर वाजली. सरांनी समजूत घातली नाही. फक्त म्हणाले, "चला, गंगाधरराव. मला दुसरा माणूस नाही." त्या वाक्यावर मी आजपर्यंत जगलो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

गेल्या दिवाळीत सर न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांच्या कन्या त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. मी फोन करतो. ताई उचलतात. "काका, बाबा झोपलेत," म्हणतात. ताईंचं चुकत नाही, पण सर खरंच झोपलेत की जास्त आजारी आहेत, या विचारानं मला दिवसभर अन्न गोड लागत नाही.

या वसंतात मी एकटाच पाळीवर जातो. गेल्या आठवड्यात पलीकडच्या काठाला एक पक्षी उतरलाय. बुजगावणं नाही, चालतो, मासे धरतो. मला वाटतं तो अगदी दुर्मीळ आहे. मी धावत माधवला बोलावलं आणि घाईत विचारतानाच मानेचा रंग सांगून बसलो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता तर तसंच असंल." झालं, त्याची साक्ष वाया गेली. आता मला रात्रंदिवस एकच शंका खाते. तो खरंच आहे, की तो दिसला तर सर येतील म्हणून मला दिसतोय?

म्हणून तो कसा दिसतो ते मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर सरांचंही बघणं वाया जाईल.

सरांना उदंड आयुष्य मिळो, हाड लवकर जुळो, डोळे आहेत तसे राहोत. समितीला विनंती, की ग्रंथ छापून होईपर्यंत थांबू नका. तोवर पाणी आटेल आणि पक्षी निघून जाईल. हे आजच सरांना फोनवर वाचून दाखवा. काठी टेकत, गाडीतून, कसंही या म्हणावं, पाळीपर्यंत आता गाडी जाते. यावेळी दुर्बीण मी आधी देईन आणि तोंड फिरवून उभा राहीन. येणार असतील तर लगेच कळवा. आणि ते आता कधीच येणार नसतील, तर तेही कळवा. पण कळवा लवकर.