पुलावरची जकात आणि झुंबरबाईची म्हैस

वडणग्याच्या झुंबरबाईनं आयुष्यात दोघांनाच मानलं, जोतिबाला आणि म्हशीला. त्यातही जोतिबा दुसरा, कारण तो दूध देत नव्हता.

महाराजांच्या राज्यातली गोष्ट. नवरा लवकर गेला, मागं म्हैस राहिली. बाई रोज सकाळी डोक्यावर घागर घेऊन पंचगंगेचा पूल ओलांडायची आणि कोल्हापुरात एका तालमीत आणि तीन घरी दूध घालायची. त्यातलं एक घर पुलावरच्या जकात नाक्याचा कारकून आकाराम याचं. एका वर्षी विकायला येणाऱ्या मालावरची जकात दुप्पट झाली. एवढी भरायची तर पेंडीला काही उरत नव्हतं, म्हणजे म्हैस विकायची. त्या विचारानं झुंबरबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

माफीसाठी सगळेच कचेरीत धावले. गुळवाले म्हणाले, गूळ देवाच्या नैवेद्याला लागतो. तेलवाले म्हणाले, तेल देवाच्या दिव्याला. चपलावाल्यांचे देव अनवाणी निघाले, त्यामुळं त्यांना काही सुचेना. माफी मिळाली ती फक्त पैलवानांच्या दुधाला. दुसऱ्या दिवसापासून पुलावरचं थेंबन्‌थेंब दूध तालमीला निघालं. एवढं दूध संपवायचं तर कोल्हापुरातल्या कुत्र्यांनीही लंगोट कसायला हवेत, हे आकारामच्या चार दिवसांत ध्यानात आलं. त्यानं वर कळवलं आणि माफी गेली.

झुंबरबाई भांडली नाही, त्यामुळं गावानं काळजी केली. सकाळी ती धार न काढताच म्हशीला घेऊन पुलावर आली, हातात रिकामी चरवी. चरायला निघालेल्या जनावराला जकात नव्हती. आकारामनं सोडलं. बाईनं तालमीच्या दारात धार काढली आणि पैलवान फेसाळ दूध पिऊन खूष झाले. तिसऱ्या दिवशी आकारामला अक्कल आली आणि त्यानं म्हैस अडवली. दूध आत आहे, जकात पडणार, असं त्यानं बजावलं.

"किती हाय त्ये मोजा की मग," झुंबरबाई म्हणाली.

आकाराम कुणब्याच्या पोटचा. बाह्या सारून तो स्वतः धारेला बसला. पण झुंबरबाईच्या हाताशिवाय त्या म्हशीनं कधी पान्हा सोडला नव्हता, सरकारसाठी कशाला सोडेल? तिनं एक लाथ घातली आणि चरवी कठड्यापर्यंत गेली. बघ्यांची गर्दी झाली. दूध का आलं नाही म्हणून तालमीतले पैलवानही येऊन उभे राहिले. आकाराम हटेना, बाई हटेना. ऊन चढलं. धारेची वेळ टळून गेली, कास तटतटली आणि म्हैस पाय आपटत हंबरू लागली.

ते मात्र झुंबरबाईला सोसलं नाही. जकात गेली चुलीत म्हणत ती खाली बसली. तिचा हात लागताच चरवी भरली. आकारामनं वही उघडली. बाईनं पहिला तांब्या भरून त्याच्याच हातात दिला. सकाळपासून उपाशी माणूस, तो घटाघटा प्यायला. उरलेलं तिनं पैलवानांना आणि बघ्यांना वाटून टाकलं.

"ह्ये इकलं न्हाय, पावण्यांस्नी पाजलं," ती म्हणाली. "पावण्यांच्या पोटातल्या दुधावर जकात असंल तर लिवा."

आकारामनं मिशीवरचा फेस पुसला. जकात तो विसरलाच होता.

"आमच्या घरी घागरीतनं येतंय त्ये दूध असं का लागत न्हाय गं?"

"त्यात पंचगंगा असती. नाका वलांडला की घाटावर घालतो मी," झुंबरबाईनं सांगून टाकलं. "पाण्यावर कशापायी जकात भरू?"

पैलवान खदाखदा हसले. आकारामनं वही पुढं ओढली. मग त्यानं वहीत लिहिलं, म्हैस एक, चरायला, माफ.

"आता परत घागर आणू नगंस," तो म्हणाला. "आमच्या दारात बी हिलाच आण."