हलका हात

आमच्या कुत्र्याच्या मागच्या पायांत संधिवात शिरलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि घरी रोज थोडं मालिश करा, असंही सांगितलं. झालं! मालिश म्हटल्यावर आमच्या ह्यांची कळी खुलली. हे मूळचे कोल्हापूरचे, लहानपणी तालमीत घुमलेले. पुढे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होऊन बेंगळुरूला आले, मल्लेश्वरममध्ये राहून निवृत्तही झाले, पण मालिश म्हणजे रगडणं ही समजूत काही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत चटई, वाटीत कोमट तिळाचं तेल आणि बाह्या सरसावून बसलेले हे.

"अहो, जरा बेतानं. त्याला काय आखाड्यात उतरायचंय?" मी म्हटलं.

"दुखल्याबिगर मोकळं होत नसतंय," म्हणत ह्यांनी खुब्यावर अंगठा रोवला. कुत्रा असा केकाटला की शेजारच्या अक्का धावत आल्या. अंगावरचं तेल चाटून त्याचं पोट बिघडलं, ते वेगळंच.

तेव्हापासून ह्यांची चाहूल लागली की तो पलंगाखाली शिरायचा. खरं तर तो ह्यांचाच. मुलगी लग्न करून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला गेली, तेव्हा ह्यांना माणसात ठेवलं ते त्यानं. आता हाक मारली तरी बाहेर येईना. सुरुवातीला मी चिडवलं, "घ्या, पैलवान!" पण हे ताटावरून अर्धवट उठायला लागले, तेव्हा माझंच तोंड कडू झालं.

पुन्हा दवाखान्यात गेलो. बाईंनी ह्यांचा तळहात धरून कुत्र्याच्या मांडीवर नुसता सपाट ठेवला. "अंकल, तेल बेडा, तेल नको. सांध्यावर दाबायचं नाही, बाजूच्या स्नायूंवरून हात फिरवायचा. स्वल्प, स्वल्प. तो हलला की हात उचलायचा."

औषध कडू आणि हात जड असल्याशिवाय गुण येत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो! मीही पोरीला तसंच वाढवलं. नुसता हात ठेवून थांबायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे रोज पलंगाशेजारी चटईवर बसायला लागले. बोलायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी तो लंगडत बाहेर आला आणि ह्यांच्याकडे पाठ करून आडवा झाला. ह्यांनी मांडीवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं, मग तळहात. तो जरासा हलला. ह्यांनी चटका बसल्यासारखा हात उचलला आणि तसाच अधांतरी धरून बसले. कुत्र्यानं मान वळवली, त्या हाताला नाकानं ढोसलं. हात येईना, तेव्हा पुन्हा ढोसलं.

"जरा पाणी आण गं," माझ्याकडे न बघता हे म्हणाले. तहानबिहान काही नव्हती, हे मला कळत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मुद्दाम उशीर लावला.